पुळणीत लॉन टिकतं का? (गुहागरची वाडी, चार गुंठे, खाली नुसती वाळू)

पाटावरचा पुणेकर
नमस्कार मंडळी. गुहागरला खालच्या पाटात आमची वाडी आहे, म्हणजे रस्त्याला लागून घर, मागे नारळ-पोफळी आणि त्याच्या मागे सुरूची झाडं की लगेच समुद्र. घर आणि नारळ यांच्या मधे साधारण चार गुंठे जागा मोकळी आहे, त्यातल्या एका कोपऱ्यात पूर्वी गोठा होता. चुलतभाऊ आणि मी मिळून दोन खोल्यांचा होमस्टे करतोय आणि त्याचं म्हणणं असं की पाहुण्याला गाडीतून उतरल्या उतरल्या हिरवंगार लॉन दिसलं पाहिजे, फोटो चांगले येतात वगैरे.

आता जमिनीचं. वर चार बोटं काळपट थर आणि खाली पांढरी वाळू, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट. गेल्या आठवड्यात संध्याकाळी पाइप धरून चांगलं भिजेपर्यंत पाणी मारलं आणि लगेच खुरप्याने उकरून बघितलं तर सुरूच्या बाजूला वरचं बोटभर ओलं आणि त्याखाली कोरडी ठणठणीत वाळू. गोठ्याच्या जागी मात्र वीतभर खोल ओल होती. हे काय गौडबंगाल आहे?

चिपळूणचा एक नर्सरीवाला म्हणतो सहा इंच लाल माती टाका, वर मेक्सिकन लॉनच्या लाद्या अंथरतो, विषय संपला. विषय संपेल का? पाणी विहिरीचं आहे, एप्रिल-मेमध्ये थोडं मचूळ लागतं.

दोन ओळी पुरे
पाहुणा समुद्र बघायला येणार की गवत? बाकी चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

वाडीवाला काका
पुणेकर, आमची वाडी दिवेआगरची, जमीन तुमच्यासारखीच. पहिली गोष्ट, पुळणीला नावं ठेवू नका. पावसात चिखल नाही, मुळं कुजत नाहीत, नारळ तर अशाच जमिनीत खूश असतो. रत्नागिरीला भाट्याचं नारळ संशोधन केंद्र अशाच किनारपट्टीच्या रेताड जमिनीवर आहे, एकदा जाऊन या, नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी, कोकम कसं बसवलंय ते बघा. ते लोक त्याला लाखी बाग म्हणतात. लॉनपेक्षा चार पैसे त्यात जास्त आहेत पण ते तुमच्या भावाला पटणार नाही, असो.

पुळण धरून काही ठेवत नाही, एवढं ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. पाणी नाही, खत नाही. म्हणून आमच्याकडे सगळं थोडं थोडं आणि वारंवार. मोठ्या नारळाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि २ किलो पोटॅश अशी दापोली विद्यापीठाची शिफारस आहे, पण त्यातला युरिया आणि पोटॅश एकदम कोणी घालत नाही, जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असे तीन हप्ते. जूनचा हप्तासुद्धा मुसळधार लागायच्या आत नाहीतर जोर ओसरल्यावर, नाहीतर आज घातलेलं उद्या समुद्राला. तुमच्या गवतालाही हाच न्याय.

दुसरं म्हणजे सोडणं, नारळाची सालं. तुमच्याकडे ढिगाने असतील, विकू नका आणि जाळू तर अजिबात नका. हातभर खोल चर मारायचा, सोडणं खोलगट बाजू वर करून एकाला एक लावून बसवायची, सगळ्यात वरचा थर तेवढा पालथा, आणि माती ओढायची. एकदा भिजली की आत पाणी धरून राहतात आणि पाच-सहा वर्षं काम देतात. पातेरा, झावळ्या, सुपारीची विरी, सगळं आळ्यात. माझी आई अंगण झाडून केर कधी बाहेर टाकायची नाही, सगळा माडाच्या बुडात.

आणि एक सावधगिरी. लॉनसाठी म्हणून ट्रॉलीभर ओलं शेण आणून वाडीत ढीग मारून ठेवू नका. गेंड्या भुंगा त्या ढिगातच वाढतो आणि तिथून थेट माडाच्या शेंड्यात. नवीन झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसली की समजायचं पाहुणे आले, होमस्टेचे नव्हेत. शेणखत पूर्ण कुजलेलंच आणा आणि आणल्या आणल्या पसरून टाका.

मातीमोल
काकांना +१. मी थोडा हिशोब घालतो कारण नर्सरीवाले हिशोब सांगत नाहीत.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सहा इंच माती म्हणजे साधारण ५४५ घनफूट, साडेपाच ब्रास. चार गुंठ्यांना २२ ब्रास च्या आसपास. खालच्या पाटातल्या त्या गल्लीतून डंपर आत येतो का ते आधी बघा! शिवाय माती कुठून काढली, तिची परवानगी आहे का, हा वेगळा ताप.

समजा आणलीत. खाली वाळू आणि वर चिकट लाल माती असे दोन कोरे थर केले तर पाणी वरच्या थरात अडून राहतं, तो पूर्ण भरल्याशिवाय खाली वाळूत उतरतच नाही. उन्हाळ्यात हे बरं वाटेल पण गुहागरच्या पावसात तिथे राडा होणार, पाहुण्यांच्या चपला लाल, आणि गवताची मुळं सहा इंचांत कोंडलेली. त्यापेक्षा इंच-दीड इंच माती आणि तेवढंच कुजलेलं शेणखत, आणि हे सगळं वरच्या वीतभर वाळूत नीट कालवून घ्यायचं. कालवणं महत्त्वाचं. आणि फुकट मिळतो म्हणून खाडीचा गाळ आणू नका, त्यात मीठ असतं.

आता एक प्रयोग. मूठभर वाळूवर घरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं तर शिंपल्यांचा चुना आहे. कोकणात सरसकट सांगतात की जमीन आम्ल आहे, चुना टाका, ते जांभ्याच्या जमिनीला खरं आहे. तुमच्या पुळणीत चुना आधीच असेल आणि आणखी टाकलात तर लोह मिळणार नाही, पानं पिवळी पडतील, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक मग युरिया मारतात आणि पिवळेपणा तसाच.

विहीरवेडा
मला मातीतलं कळत नाही, पाण्याचं कळतं, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे.

किनाऱ्याजवळच्या विहिरीत गोडं पाणी हे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं जड. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जर १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. ऐकायला मस्त. पण उलटंही खरं आहे, उपसा करून ती पातळी कायमची १ फूट उतरवलीत की खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर चढतं. तुमचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ लागतं म्हणजे खारं आत्ताच दारात उभं आहे.

आता लॉनचं पाणी. कडक उन्हाळ्यात गवताला दिवसाला ४-५ मिमी तरी लागतं. १ गुंठ्यावर ५ मिमी म्हणजे ५०० लिटर. चार गुंठे म्हणजे रोजचे २००० लिटर, आणि समुद्राच्या वाऱ्यात फवाऱ्याचं उडून जातं ते वेगळंच. वर दोन खोल्यांचे पाहुणे, ते येणार नेमके एप्रिल-मेमध्येच, आंघोळी, चादरी, सगळं त्याच विहिरीवर. पूर्वी रहाट होता तेव्हा उपशाला आपोआप लगाम होता, आता दीड एचपीचा पंप बटण दाबलं की खेचत बसतो. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या नियंत्रित पट्ट्यात, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशावर निर्बंध आहेत, तेव्हा नवीन बोअरचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा.

विहीर एकदा खारी झाली की नारळ सोसतील, पोफळी नाही सोसणार.

दोन ओळी पुरे
म्हणजे गवतासाठी सुपारी द्यायची. पोफळींची.

पर्थची पाहुणी
हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. पर्थ शहर अख्खं वाळूवर बसलंय, किनाऱ्यालगत पिवळी वाळू आणि जरा आत गेलं की राखाडी, ती तर पूर्ण निःसत्त्व. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लोकांना बाकीचे ऑस्ट्रेलियन सँडग्रोपर म्हणून चिडवतात. तरी इथे प्रत्येकाला लॉन हवंच, त्यामुळे वाळूतल्या लॉनवर इथे शेजारीपाजारी क्रिकेटइतकी चर्चा होते.

पुणेकर, तुमचं गौडबंगाल माझ्या ओळखीचं आहे. कुजणाऱ्या पानांमधलं मेणासारखं द्रव्य वाळूच्या कणांवर बसतं आणि वाळू सुकली की पाणी आत घेतच नाही. कोरड्या वाळूवर चमचाभर पाणी टाकून बघा, थेंब मोत्यासारखा बसून राहिला की तेच. तुमच्याकडे ते सुरूच्या बाजूला होतंय म्हणजे बहुतेक तिथल्या पडलेल्या काड्यांमुळे. इथे यावर वेटिंग एजंट नावाचं औषध मिळतं, दाणेदार किंवा पातळ, उन्हाळ्याच्या तोंडावर मारायचं. पण ते दरवर्षी विकत घेत बसायचं. खरा उपाय माती, बारीक चिकणमाती त्या मेणावर लेपासारखी बसते. इथले शेतकरी शेतंच्या शेतं अशी सुधारतात आणि आम्ही बागेत बेंटोनाइट मिसळतो. म्हणजे तुमची लाल माती वाया नाही, फक्त मातीमोल म्हणतात तशी कमी आणि कालवून.

पाण्याचं म्हणाल तर इथे नळाच्या पाण्यावर स्प्रिंकलर आठवड्यातून दोनच दिवस लावता येतो, कुठले दोन ते घराच्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं, आणि १ जून ते ३१ ऑगस्ट हिवाळ्यात पूर्ण बंद. लोक कुरकुरतात पण लॉन मरत नाही! गवत कुठलं हा मुद्दा आहे. इथे कूच, किकुयू आणि बफेलो ही तीन चालतात, त्यातलं कूच म्हणजे आपल्या दूर्वाच. गणपतीत मी लॉनमधूनच खुडते, अमराठी शेजारीण आधी घाबरली होती.

पाटावरचा पुणेकर
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

प्रयोग केले. व्हिनेगर टाकल्यावर वाळू सोड्यासारखी फसफसली, भावाला व्हिडिओ पाठवला. चमचाभर पाण्याचा प्रयोगही केला, सुरूकडच्या वाळूवर थेंब बसूनच राहिला, मुंगी येऊन पिऊन गेली तरी. गोठ्याच्या जागी मात्र टाकता क्षणी आत. शिवाय त्या कोपऱ्यात कोणी काही न करता हरळी, म्हणजे त्याच दूर्वा, माजलीय, इतके दिवस आम्ही ती उपटत होतो.

विहीरवेडा, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागवून मोजलं, आत्ता ६२० दाखवतंय. पंपाचं गणित भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला मग दिवसाआड देऊ पाणी, भरपूर. चालेल का?

मातीमोल
दिवसाआड चालेल, भरपूर चालणार नाही. अशा वाळूत वरच्या वीतभर मुळांच्या पट्ट्यात गवताच्या उपयोगाचं पाणी राहतं जेमतेम ९-१० मिमी, म्हणजे दोन दिवसांची शिदोरी. १० मिमी दिलं की भांडं भरलं. पुढचं सगळं मुळांच्या खाली, आणि जाताना नत्र घेऊन जातं. कुठे जातं? तुमच्याच विहिरीत, जिचं पाणी तुम्ही पिता. म्हणून युरिया एका वेळी गुंठ्याला अर्ध्या किलोच्या वर नको, पंधरवड्याने, तेही गवत वाढत असताना, आणि वर लगेच हलकं पाणी. भर पावसात बंद.

एक विषयांतर, पण महत्त्वाचं. होमस्टे करताय तर संडासाचा शोषखड्डा कुठे आहे? वाळू गाळते असं लोकांना वाटतं पण ती फार भराभर पाणी सोडते. विहिरीपासून निदान ५० फूट लांब ठेवा आणि जमलं तर उताराच्या खालच्या अंगाला.

शेतीमाती देशी
एवढी रसायनं कशाला? १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, २०० लिटर पाणी. जीवामृत सोडा, वाळूचं सोनं होईल.

मातीमोल
जीवामृताला माझा विरोध नाही, पण १० किलो शेणात नत्र असून असून किती असणार, मूठभर. जिवाणूंना राहायला घर आणि खायला अन्न लागतं, नुसत्या वाळूत ते काय खाणार? आधी पातेरा आणि शेणखत, मग हवं ते शिंपडा.

शेतीमाती देशी
तुम्ही करून बघा आणि मग बोला.

वाडीवाला काका
इथे भांडू नका रे, दोघंही शेणखतच सांगताय.

नागावची जास्वंदी
उशिरा आले. आमचं अलिबागजवळ नागावला तसंच छोटं कॉटेज आहे, मागे वाडी, खाली वाळू. पुणेकरदादा, चार गुंठे लॉन करू नका, एक करा, पण नीट करा. पाहुणे जिथे बसतात, मुलं जिथे लोळतात तेवढाच तुकडा आणि तो घराच्या पुढ्यात. फोटोत तेवढाच येतो, भावाला सांगा.

तुमचा गोठ्याचा कोपरा तयार बसलाय, तिथूनच सुरू करा. लाद्या विकत घ्यायची गरज नाही, ती हरळी काढा, तिचे धुमारे बोटभर तोडून चार-चार इंचांवर खोचा. भर आषाढात नको, सगळं वाहून जातं, श्रावणसरी सुरू झाल्या की लावा, दसऱ्यापर्यंत जमीन झाकली जाते. हरळीला ऊन मात्र पूर्ण पाहिजे, माडाच्या सावलीत ती विरळ होते. सावलीत बफेलो लावा, वरती पर्थच्या ताई म्हणाल्या तेच, आपल्याकडे नर्सरीत सेंट ऑगस्टीन म्हणूनही मागता येतं, रुंद पानाचं, वाळू आणि खारा वारा दोन्ही सोसतं. मेक्सिकन दिसायला गालिचा पण वाढायला अतिशय हळू, एकदा कुठे डाग पडला की भरून यायला वर्ष जातं.

आणि बारीक कापू नका हो. सगळे क्रिकेटचं मैदान करायला जातात. दोन-अडीच इंच राहू द्या, जमिनीवर सावली राहते, मुळं खोल जातात. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, ते पण खतच.

उरलेल्या तीन गुंठ्यांत कितीतरी गोष्टी होतात. समुद्राच्या अंगाला मर्यादवेल, ती तर किनाऱ्यावर आपली आपण येते, जांभळी फुलं, वाळू बांधून ठेवते. वाऱ्याला आडोसा म्हणून उंडी किंवा केवडा. उन्हात ऑफिस टाइम (चिनी गुलाब) आणि सदाफुली, दोघींना वाळू म्हणजे माहेर. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू, ते तर आपल्या आज्या करतच होत्या. रताळ्याचा वेल एका वाफ्यात सोडून द्या, वर हिरवं आणि खाली रताळी. वांगी-भेंडी-टोमॅटो करणार असाल तर मुळांवर गाठी येतात का बघा, रेताड जमिनीत सूत्रकृमी फार, मी निंबोळी पेंड घालते आणि वाफ्यात आलटून पालटून झेंडू लावते. वेडेलिया मात्र कोणी फुकट दिला तरी आणू नका, पिवळी फुलं गोड दिसतात पण वाडी गिळतो.

शारजाचा शिपाई
पाणी फारच खारट व्हायला लागलं तर पास्पालम गवत बघा. इथे आखातात समुद्राकाठच्या हॉटेलांत आणि गोल्फ कोर्सवर बरंच तेच असतं, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. पण लाड फार, कापणी सतत, सावली चालत नाही.

विहीरवेडा
पास्पालम सोसेल हो, पण ते मीठ वाळूत साठणार आणि शेजारी पोफळी उभ्या आहेत. गवत खारं पाणी पितं म्हणून विहीर खारी करायची का?

पाटावरचा पुणेकर
नाही नाही, विहीर पहिली. भावाशी बोललो, बऱ्याच वादानंतर सव्वा गुंठ्यावर मांडवली झाली आहे, पाव गुंठा त्याने इभ्रतीसाठी मागून घेतला. गोठ्याचा कोपरा धरून घराच्या पुढ्यापर्यंत हरळी, माडाखाली बफेलो. लाल माती दोनच ब्रास, कालवून. सुरूच्या बाजूला सोडणांचे चर आणि मर्यादवेल. टीडीएस दर रविवारी लिहून ठेवायचं काम काकूने घेतलंय, आकडा १००० च्या वर गेला की लॉनचं पाणी बंद, हे तिनेच जाहीर केलं आणि तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.

एक शंका राहिली. सव्वा गुंठ्याला ठिबक की फवारा?

मातीमोल
गवताला फवाराच, फक्त पहाटे, वारा पडलेला असताना. मचूळ पाणी दुपारी पानावर सुकलं की टोकं करपतात. ठिबक झाडांना ठेवा, पण वाळूत पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं, म्हणून दोन ड्रिपरमधलं अंतर फुटाच्या वर नको आणि एकदम तासभर सोडण्यापेक्षा दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं.

पर्थची पाहुणी
आणि फवारा लावला की मधे तीन-चार सारख्या डब्या ठेवून द्या, पाव तासात किती मिमी साठतं ते पट्टीने मोजा. एका डबीत ९ आणि दुसरीत ३ निघतं, तेव्हा कळतं डाग का पडतात ते.

वाडीवाला काका
पहिल्या वळवाला संध्याकाळी दिवा लावून त्याखाली पाण्याचं घमेलं ठेवा, थोडं रॉकेल किंवा साबण टाकून. हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगे तेव्हाच बाहेर पडतात. हुमणी लागली तर तुमचं लॉन सतरंजीसारखं गुंडाळून उचलता येईल, मुळंच नसतात खाली.

दोन ओळी पुरे
रॉकेल आता मिळतं कुठे काका?

वाडीवाला काका
म्हणून साबण म्हटलं.

नागावची जास्वंदी
पुणेकरदादा, पावसाळ्यात इकडे येणं झालं तर बफेलोचे धुमारे न्यायला या, पोतंभर सहज निघतील. ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या, दोन दिवस टिकतात. येताना गुहागरची चार सोललेली सुपारी आणा म्हणजे झालं.